खरं नको, बरोबर बोला

लिफ्टचं बटण एकदा दाबलं की पुरतं. हे मी उभं आयुष्य लोकांना सांगत आलोय, आणि लोक ते बोट दुखेपर्यंत दाबत आलेत. दाबल्याने लिफ्ट लवकर येत नाही, उलट बटण बिघडतं आणि मग मला बोलावतात. माझ्या नाकावर राग का असतो, असं कुणी विचारलं तर मी त्याला एखाद्या मोठ्या इमारतीच्या तळमजल्यावर सकाळी तासभर उभं राहून बघायला सांगतो.

इंग्रजी शिकायची मला अजिबात हौस नव्हती. कंपनीने नव्या मशीन आणल्या, त्यांच्यासोबत विटेएवढी जाड पुस्तकं आली, सगळी इंग्रजीत, आणि साहेबांनी आम्हा जुन्या मेकॅनिकांपैकी मलाच धरून संध्याकाळच्या वर्गात घातलं. कारण काय, तर मला घरी वाट बघणारं कुणी नाही. लग्न राहून गेलं, आई होती तोवर आईचं केलं, आता मी आणि माझा रेडिओ. वर्ग भरायचा एका प्राथमिक शाळेत, पोरं घरी गेल्यावर. बाकं पोरांच्याच मापाची. माझे गुडघे हनुवटीला टेकायचे. दोन-चार दिवस काढायचे, मग पाठदुखीचं निमित्त करून सुटायचं, असं मी ठरवून टाकलं होतं.

तेवढ्यात माझ्या शेजारी एक बाई येऊन बसल्या. माझ्याच वयाच्या असतील. चष्मा कपाळावर, बाहीला दोऱ्याचे तुकडे चिकटलेले. त्यांनी बाकाकडे पाहिलं, माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "अहो, तुम्हाला तर कुणी घडी करून ठेवलंय."

माझी पाठ त्या क्षणापासून ठणठणीत झाली.

त्या पडद्यांच्या दुकानात शिवणकाम करायच्या. वर्गात सगळे त्यांना पडदेवाल्या बाई म्हणू लागले आणि मला लिफ्टवाले. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलता एक मुलगा परदेशात. त्याला आईला कायमचं तिकडे न्यायचं होतं. पण त्या देशाचा नियम असा की राहायला येणाऱ्याने इंग्रजीची तोंडी परीक्षा पास झाली पाहिजे. पास झाल्या तर जायचं, नापास झाल्या तर इथेच. इतकं साधं होतं ते. मला हे पहिल्याच आठवड्यात कळलं होतं, त्यामुळे मला कुणी फसवलं असं मी म्हणू शकत नाही.

शिकवायला एक मॅडम होत्या, वयाने आमच्या मुलीसारख्या पण दरारा सासूचा. त्यांनी आमच्या जोड्या लावून दिल्या: ज्याच्या शेजारी जो बसलाय तो त्याचा जोडीदार, शेवटपर्यंत. ए-बी-सी-डी आणि चहा-पाण्याची वाक्यं संपली तेव्हा एक दिवस मॅडमनी फळ्यावर 'हू' लिहिला आणि आमची खरी पंचाईत सुरू झाली.

"आपल्याकडे 'जो' म्हटलं की मागोमाग 'तो' येतो," मॅडम म्हणाल्या. "जो लवकर आला तो पुढे बसला. इंग्रजीत तसं नाही. तिथे 'हू' एकटाच असतो. त्याच्या मागे 'तो' येणार नाही, वाट बघू नका."

"बिचारा," बाई पुटपुटल्या.

मला हसू आलं, पण पटलं नाही. अर्धवट काम वाटलं मला ते. शिवाय माणसांना 'हू' आणि वस्तूंना 'विच' हा भेदभाव. मी वाक्य केलं, 'द लिफ्ट हू हॅज स्टॉप्ड.' मॅडम म्हणाल्या, लिफ्टला 'विच'. मी म्हटलं, मॅडम, तुम्ही एकदा रविवारी दुपारी तिच्याशी झटापट करून बघा, मग सांगा ती वस्तू आहे का. सगळा वर्ग हसला, मॅडमनी मात्र खोडून 'विच'च केलं.

त्यापुढचं 'हॅज' मला चटकन समजलं. जे घडून गेलं पण ज्याचं काहीतरी अजून आपल्याजवळ उरलंय, तिथे 'हॅज' आणि 'हॅव'. जे आणखी एका गोष्टीच्याही आधी होऊन संपलं, तिथे 'हॅड'. बाईंना नेमकं तेच जड जायचं. त्यात त्या 'सिन्स'च्या जागी हटकून 'फ्रॉम' म्हणायच्या. दहा वेळा सांगा, अकराव्यांदा 'फ्रॉम'.

त्या दिवसांतच वर्गात एक नियम झाला. आमच्यात एक नर्सबाई होत्या. त्यांना 'हू' आणि 'हॅज' घालून वाक्य करायला सांगितलं, तर त्या उभ्या राहिल्या आणि आपल्या नवऱ्याबद्दल बोलू लागल्या, जो महिन्यापूर्वीच गेला होता. वाक्य अर्ध्यावर आलं आणि नर्सबाईंचा बांध फुटला. त्या रडल्या, त्यांना बघून मागच्या बाकावर बसणारे एक पोस्टमन रडले, वर्ग बुडाला. दुसऱ्या दिवशी मॅडमनी जाहीर केलं, "इथून पुढे या खोलीत कुणीही खरं बोलायचं नाही. खोटंच बोलायचं, पण बरोबर बोलायचं. जोडीदाराने फक्त 'बरोबर' किंवा 'चूक' म्हणायचं. खरं आहे का, असं ज्याने विचारलं त्याने फळा पुसायचा."

काय सांगू, वर्गाला नवा जीव आला! ज्यांना कुणी नव्हतं त्यांना कुटुंबं मिळाली. मला बायको झाली, जिने घरातल्या सगळ्या बशा फोडल्या आहेत. पुढे एक मामा आला, ज्याने दोन घोडे विकत घेतले आहेत आणि ज्याला घोड्यांची भीती वाटते. बाईंना तर चार भाऊ होते. एकाने आख्खं जहाज पळवलं होतं, एकाने अजून आंघोळ केली नव्हती. त्या हे सगळं इतक्या सरळ चेहऱ्याने सांगायच्या की पापणीही हलायची नाही. मी म्हणायचो, "बरोबर." किंवा म्हणायचो, "चूक, भाऊ माणूस आहे, 'विच' नाही." त्या म्हणायच्या, "तुम्ही त्याला भेटला नाहीत अजून."

दिवसभर मी लिफ्टच्या खड्ड्यात ग्रीसने माखलेला असायचो आणि डोक्यात बाईंच्या भावांचं काय करायचं ते चालू असायचं. घड्याळाकडे कधी न बघणारा मी, संध्याकाळ कधी होते म्हणून तळमळू लागलो. रविवारी वर्ग नसायचा. रविवार मला खायला उठायचा.

परीक्षा जवळ आली तसा बाईंचा धीर सुटू लागला. तोंडी परीक्षा दोघांनी मिळून द्यायची असते. एकाने बोलायचं, दुसऱ्याने प्रश्न विचारायचा, मग उलट. जोडीदार नसला तर कुणीतरी अनोळखी माणूस समोर बसवतात. "अनोळखी माणसापुढे माझी वाचाच बसेल हो," त्या म्हणाल्या. मला त्या परीक्षेची काडीची गरज नव्हती, मला मशीनची पुस्तकं वाचता आली की झालं. तरी मी दुसऱ्या दिवशी जाऊन माझंही नाव घातलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही कशाला उगाच?" मी म्हटलं, "मलाही बघायचंय, पास होतो का ते." वर्गाबाहेर बोललेलं ते माझं पहिलं खोटं वाक्य.

मग मी सरावासाठी त्यांच्या दुकानात जाऊ लागलो. त्या मशीनवर, मी समोर स्टुलावर, हातात प्रश्नांची कार्डं. दुकानात आजूबाजूला कापडाचे तागे, मधूनच गिऱ्हाईक यायचं आणि आम्ही इंग्रजीत बोलताना बघून दबकून उभं राहायचं. एकदा त्या फिकट निळा पडदा शिवत होत्या. भला लांब होता तो. त्यांनी एक टोक माझ्या हातात दिलं.

"धरा जरा ताणून. कुणाचा आहे ओळखा."

"कुणाचा?"

"माझाच. तिकडच्या खोलीचा. मुलाने खिडकीचं माप पाठवलंय. खिडकीतून मैदान दिसतं म्हणे."

मी टोक धरून उभा राहिलो. त्या टीप घालत गेल्या आणि कापड माझ्या हातातून हळूहळू पुढे सरकत गेलं. त्या दिवशी मला वाटलं, हिला चुकीचं शिकवावं. 'फ्रॉम'च बरोबर आहे म्हणून सांगावं. कुणाला कळणार होतं? पण मी आयुष्यात एक नट ढिला ठेवून कधी घरी गेलेलो नाही, ते तेव्हा कसं जमणार! "सिन्स म्हणा, बाई," मी म्हटलं. "वाट बघितली म्हणायचं असेल तर सिन्स."

"तुम्हाला मनापासून जायचंय ना?" एवढंच विचारायला हवं होतं मी. रोज घरून ठरवून निघायचो. दुकानात पोचलो की तोंडाला कुलूप. त्यांचा मुलगा, सून, नातवंडं, तिसरं येऊ घातलेलं. आणि मी कोण? शेजारच्या बाकावरचा माणूस. कुठल्या नात्याने विचारायचं?

परीक्षेच्या दिवशी बाईंनी नवी साडी नेसली होती आणि तिच्यावरही दोरा होताच. खोलीत एक परीक्षक, त्यांना जबरदस्त सर्दी झालेली, समोर रेकॉर्डिंगचं यंत्र. त्यांनी रुमालाआडून विषय दिला: तुमच्या ओळखीच्या एखाद्या माणसाबद्दल बोला. आधी मी.

मी मामा आणि घोडे तयार करून आणले होते. तोंड उघडलं आणि मामा कुठे गेला कुणास ठाऊक. मला एकदम वाटलं, या खोलीत आपण काहीही बोललो तरी चालतं. इथे कुणी आपल्याला अडवणार नाही, बाईंना उठून जाता येणार नाही, आणि सरळ चेहऱ्याने बोललं की झालं.

"आय नो अ वूमन," मी म्हणालो, "हू हॅज सोन कर्टन्स फॉर हाफ द टाउन." पुढे सांगितलं की ही ती बाई आहे, जिच्यासाठी मी एक आख्खी भाषा शिकलोय. तिथे 'फॉर हूम' आलं, जे मला वर्गात एकदाही जमलं नव्हतं. जिने माझ्या संध्याकाळी बदलून टाकल्या आहेत आणि जिला मी अजून हे सांगितलेलं नाही.

बोलून झालं. माझे कान गरम झाले होते. आता बाईंनी मला प्रश्न विचारायचा होता. त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि इंग्रजीत विचारलं, त्या माणसाने तिला अजून का सांगितलेलं नाही?

"बिकॉज शी हॅज अ सन हू हॅज कॉल्ड हर," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. वर्गात 'बरोबर' म्हणताना हलवायच्या तशीच. बोललो ते सगळं सरावाच्या खात्यात जमा झालं होतं.

मग त्यांची पाळी. त्यांनी हात मांडीवर ठेवले, परीक्षकांकडे नाही, माझ्याकडे बघितलं.

"आय नो अ मॅन हू हॅज रिपेअर्ड एव्हरी लिफ्ट इन धिस टाउन," त्या म्हणाल्या, "बट हू हॅज नेव्हर आस्क्ड मी टु स्टे."

देवाशपथ सांगतो, मला काय आठवलं असेल तर मॅडमचं सांगणं, की एका वाक्यात दोन 'हू' आणि मध्ये 'बट' आलं तर गुण जास्त मिळतात. काळजात काहीतरी लक्कन हललं, नाही असं नाही. पण याच बाईंनी याच चेहऱ्याने मला जहाज पळवणारा भाऊ सांगितला होता. मी अभिमानाने फुगलो. आणि मी त्यांना ठरलेला, सोपा, हमखास गुण मिळवून देणारा प्रश्न विचारला. किती काळापासून वाट बघताय?

परीक्षक शिंकले. मी मनातल्या मनात देवाला हात जोडले, 'फ्रॉम' म्हणू देऊ नकोस.

"सिन्स द फर्स्ट डे," त्या म्हणाल्या.

बाहेर आलो तर ऊन होतं. पायऱ्यांवर उभ्या राहून बाईंनी विचारलं, "कसं झालं माझं?"

"एकही चूक नाही," मी म्हटलं. "सिन्ससुद्धा आलं!"

"तुमचंही छान झालं," त्या म्हणाल्या. "चांगलं रचलं होतंत."

"तुम्हीही."

त्या आणखी काहीतरी बोलणार होत्या असं वाटलं. मग त्यांची बस आली आणि त्या चढल्या. मी बसच्या मागे बघत उभा राहिलो आणि किती वेळ उभा होतो ते मलाच कळलं नाही.

निकाल लागला. बाई पास. मॅडमनी टाळ्या वाजवल्या, पोस्टमननी पेढे वाटावेत तशी बातमी सगळ्या शाळेत वाटली. मीही पास झालो होतो, ते कुणाच्या लक्षात आलं नाही, माझ्याही नाही. मुलाने लगेच तिकीट काढलं. बाई वर्गाला येईनाशा झाल्या, आणि मी एकटा त्या बाकावर पाय आखडून बसू लागलो.

जायच्या आदल्या दिवशी दुपारी मी दुकानात गेलो. निरोप घ्यायचा, चार शब्द बोलायचे आणि निघायचं, असं ठरवून. त्या आपल्या कात्र्या, टेप, सुयांची डबी एका पिशवीत भरत होत्या. मालक पुढे गिऱ्हाइकाशी बोलत होते. मला बघून बाईंनी स्टूल पुढे सरकवलं.

"बरं झालं आलात. मी मॅडमना सांगून ठेवलंय, लिफ्टवाल्यांना चांगला जोडीदार द्या म्हणून. ते पोस्टमन आहेत ना, त्यांचा उच्चार—"

"मला नकोय पोस्टमन!" मी ओरडलो. पुढचं गिऱ्हाईक दचकलं. "मला कुणी दुसरा जोडीदार नकोय. कुणी सांगितलं होतं तुम्हाला उठाठेव करायला? जोडीदार द्या म्हणे! स्टुलासारखा का तो, हा नाही तर तो?"

"अहो, रागावता काय?"

"रागावू नको तर काय करू? उद्या जाताय तुम्ही! जाऊ नका. मला करमत नाही. रविवारी वर्ग नसतो तेव्हा मला करमत नाही, आणि आता आयुष्यभर रविवार. जाऊ नका तुम्ही, एवढंच सांगायचं होतं मला."

कात्री त्यांच्या हातातच राहिली. त्या पडद्यांच्या ढिगावर बसल्या.

"हे कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"सांगितलं की परीक्षेत. तुमच्या तोंडावर सांगितलं."

"ते खरं होतं?"

"मग काय घोड्यांसारखं होतं?"

त्या अगदी हळू म्हणाल्या, "अहो, माझंही खरं होतं."

मी स्टुलावर बसलो. त्या पायऱ्यांवरचं ऊन आठवलं, 'एकही चूक नाही' म्हणणारा मी आठवलो, आणि मी कपाळाला हात लावला. बाईंना हसू फुटलं. मलाही. दोघंही हसलो, अगदी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि मग हसणं थांबलं तरी त्यांचं पाणी थांबेना.

"नका ना जाऊ," मी म्हटलं.

"आता कसं हो?" त्यांनी पदराने चष्मा पुसला. "पास झाले म्हणून सांगितलं तर फोनवर रडला तो. सुनेने मुलांची पाळणाघरातली जागा सोडली, आजी येणार म्हणून. दिवस भरत आलेत तिचे. आता कुठल्या तोंडाने नाही म्हणू?"

त्यांचं सगळं बरोबर होतं.

"महिनाभर आधी बोलला असतात," त्या म्हणाल्या, "तर मी नापास झाले असते."

"म्हणजे?"

"म्हणजे मुद्दाम. नुसतं गप्प बसले असते त्या शिंकणाऱ्यांसमोर. आईला इंग्रजी जमलं नाही, एवढंच झालं असतं. मुलाला वाईट वाटलं असतं, पण कुणी नाही म्हटलं असं झालं नसतं. मी वाट बघत होते हो, तुम्ही विचाराल म्हणून. आणि तुम्ही रोज येऊन माझं सिन्स पक्कं करून घेत होतात."

पुढे मालकांनी कुणाला तरी कापड मीटरने फाडून दिलं, त्याचा लांब आवाज झाला. बाईंनी कात्री पिशवीत ठेवली, परत काढली, परत ठेवली.

"थोडा वेळ बसा तरी," त्या म्हणाल्या. "दुकान बंद व्हायला अवकाश आहे अजून."

मी बसलो. हातात कार्डं नव्हती, करायला सराव नव्हता, आणि एकमेकांशी काय बोलायचं हे आम्हा दोघांनाही येत नव्हतं.